दोन इंच खाली

घोडपदेवच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर सात नंबरच्या खोलीत धुरी राहतात आणि आठ नंबरमध्ये मी. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुकरची शिट्टी झाली की मी उठून माझा गॅस बंद करतो. मी एकटाच आहे, गिरगावातल्या एका छापखान्यात पत्रिका आणि पावतीपुस्तकांची प्रुफं तपासतो. त्यामुळे धुरींच्या घरातलं बरंचसं मला न विचारता कळत आलं आहे. जे पुढे सांगतोय त्यातलं थोडं ऐकलेलं आहे, बाकीचं समोर उभं राहून पाहिलेलं.

दर्शना धुरी अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आली. शिवडीच्या एका गाळ्यात पंख्यांचे रेग्युलेटर जोडायचं काम करायची. स्क्रू पिळून पिळून तिचा उजवा अंगठा टोकाला चपटा झाला होता. बोलायची कमी. तिचा नवरा हितेंद्र बरोबर उलटा. टूरिस्ट गाडीवर ड्रायव्हर, मुंबईतला असा रस्ता नाही जो त्याने तुडवला नाही, आणि प्रत्येक रस्त्याची एकेक गोष्ट तो चाळीच्या कट्ट्यावर बसून सांगायचा. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवून शेवटी त्याने स्वतःची घेतली. सेकंडहँड, चंदेरी रंगाची, उंच बैठकीची. इतकी उंच की त्याच्या आईला, जाईबाईला, आत चढायला पाट ठेवावा लागायचा. मूलबाळ झालं नाही. गाडीला मात्र त्याने कधी गॅरेजचा हात लागू दिला नाही. ऑइल बदलण्यापासून क्लच प्लेटपर्यंत सगळं गल्लीतच, भिंतीला गाडी लावून.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात तो नळावरच्या छपरावर ताडपत्री टाकायला चढला आणि पत्र्यासकट खाली आला. नळाच्या ओट्यावर पाठ आपटली. जीव वाचला. छातीखालचं सगळं गेलं. हातात ताकद होती, पण पोटाच्या वर एक रेघ होती आणि त्या रेघेखाली चिमटा काढला तरी त्याला कळायचं नाही.

हॉस्पिटलातून त्याला घरी आणलं तेव्हा दर्शनाला एक यादी दिली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, एका जागी दाब राहिला की कातडी मरते. चाकांच्या खुर्चीवर बसला की हवेच्या कप्प्यांची ती जाड गादी खाली हवीच. दर वीस मिनिटांनी त्याने हातांवर जोर देऊन मिनिटभर बूड उचलायचं. रोज संध्याकाळी पाठ आणि बैठक आरशाने तपासायची. यादी तिने कपाटाच्या दाराला चिकटवली. अडीच वर्षांत तिने एक कूस चुकवली नाही. गाळ्यातलं काम सोडलं आणि तेच रेग्युलेटर घरी आणून जोडायला लागली.

तपासणीला न्यायचं तर आम्ही चौघे जण त्याला उचलायचो. दोघे काखेत, दोघे मांड्यांखाली. गल्लीत पोरं खेळायची थांबायची, बायका गॅलरीत यायच्या. हितेंद्र डोळे मिटून घ्यायचा. एकदा त्याला गाडीत टेकवला आणि तो म्हणाला, "दादा, गणपतीला पण एवढी माणसं लागत नाहीत रे." आम्ही हसलो. तो हसला नव्हता, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

मग त्याने जायचंच बंद केलं. खुर्ची दारात लावून बसायचा आणि भिंतीला उभ्या गाडीकडे बघायचा. त्याच सुमारास समुद्रातून काढलेला नवा रस्ता सुरू झाला. तो खणत होते तेव्हा हितेंद्र रोज त्या पत्र्यांच्या कडेने गाडी काढायचा, गिऱ्हाइकांना सांगायचा, इथून बोगदा जाणार, तिथे वर निघणार. आता लोक त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवत होते. तो ते पाहायचा नाही.

"मुंबईतला एक रस्ता राहिला माझा," एवढंच एकदा म्हणाला.

दर्शना विळीवर कांदा चिरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शिवणाच्या टेपने आधी खुर्ची मोजली, मग गाडीची पुढची सीट. गादीसकट खुर्ची एकवीस इंच. सीट साडेचोवीस.

"साडेतीन इंच," ती त्याला म्हणाली. "तुम्ही हातांवर किती उचलता स्वतःला?"

"दीड. फार तर पावणेदोन."

आधी त्यांनी सोपा मार्ग केला. खुर्चीखाली फळ्या टाकून ती उंच केली. पहिल्याच वेळेला हितेंद्रने जोर दिला आणि ब्रेक लावलेली खुर्ची फळीवरून मागे घसरली. तो रस्त्यावर पडला, पाय विचित्र वळलेले, लुंगी वर गेलेली. मी आणि दर्शनाने धावत जाऊन आधी लुंगी सारखी केली. त्याला उचलायला पुन्हा माणसं बोलवावी लागली. त्यानंतर फळी हा शब्द घरात कोणी काढला नाही.

गाडी विकून बुटकी घ्यावी असं मी सुचवून पाहिलं. हितेंद्रने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. दोनेक आठवड्यांनी त्यानेच मला मोबाईल दाखवला. गाड्या जमिनीला टेकवून फिरवायची हौस असलेली पोरं असतात, त्यांच्यासाठी बाहेरच्या कंपन्या कमी उंचीच्या स्प्रिंगा बनवतात. मूळ स्प्रिंगा काढायच्या, या बसवायच्या, गाडी दोन इंच खाली बसते.

"साडेतीनातून दोन गेले," तो म्हणाला, "राहिले दीड. दीड मी करतो."

दर्शना भायखळ्यातल्या एका गॅरेजवाल्याला विचारून आली. तो म्हणाला, "भाभी, इतने गड्ढे हैं, लोग गाडी उठाने आते हैं, आप बिठाने को बोलती हो." दुसऱ्याने गाडी ठेवून जा म्हटलं, पण हितेंद्र ऐकेना. मी सांगतो, तू कर, म्हणाला. तिनेही लगेच हो म्हटलं. पंख्याचं रेग्युलेटर काय आणि हे काय, असं मला वाटलं, पण त्या दोघांचे चेहरे बघून मी गप्प राहिलो.

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळी आठला हितेंद्रची खुर्ची दारात लागली, मांडीवर पान्यांचा डबा. दर्शनाने त्याची जुनी पँट घातली होती आणि केस रुमालात बांधले होते. मी जॅकच्या दांड्याला. पुढची बाजू उचलली, खाली लोखंडी घोड्या लावल्या.

"घोडी बसली का? हलवून बघ. जोरात. हां. आता चाक काढ."

चाक निघालं. आतला शॉकअप आणि त्याच्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग दिसायला लागली, चिखलाने माखलेली. बोल्ट अडीच वर्षांत गंजून बसले होते. रॉकेल सोडून ठेवलं, हातोडी मारली, तरी सुटेनात. दर्शनाने पान्याला लोखंडी नळी अडकवली, भिंतीला पाय लावला आणि ओढलं. कर्र असा आवाज झाला. मला वाटलं बोल्ट तुटला. तो सुटला होता.

जाईबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. "बायलमाणसान गाडयेखाली लोळाचा काय गो?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वतःच उठून दर्शनाच्या डोक्याखाली गोणपाट सरकवलं.

धोक्याचं काम पुढे होतं. शॉकअप बाहेर काढल्यावर स्प्रिंग दाबून धरायची, मगच वरचा नट सोडायचा. दाबायला दोन लांब आकडे भाड्याने आणले होते, दोन्ही बाजूंनी लावून पाना फिरवत जायचं.

"एक आटा इकडे, एक आटा तिकडे," हितेंद्र सांगत होता. त्याचा आवाज बदलला होता. "एका बाजूला जास्त नको. आणि तोंड समोर आणू नकोस. ही सुटली ना, तर माणूस मारते."

"कळलं."

"दर्शू, तोंड बाजूला."

"बाजूलाच आहे हो."

तिने मोजून आटे दिले, इकडे एक, तिकडे एक, ओठ न हलवता. नट सुटला तेव्हा हितेंद्रने दोन्ही हातांनी चाकांच्या कडा घट्ट धरल्या होत्या, जणू त्याची खुर्चीच सुटणार होती. काही झालं नाही. जुनी स्प्रिंग शेजारी ठेवली. नवी तिच्यापुढे आखूड, तकतकीत लाल.

पहिल्या रविवारी पुढचं एकच चाक झालं. दुसऱ्या रविवारी बाकीची तिन्ही, कारण मागच्या स्प्रिंगा खालचे बोल्ट काढल्यावर नुसत्या हाताने निघतात. संध्याकाळी चारला जॅक सोडला आणि गाडी हळूहळू खाली येत चाकांवर बसली, नेहमीच्या जागी थांबली नाही, आणखी खाली गेली. दर्शनाने टेप लावली. साडेबावीस. तिने टेप हितेंद्रला दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि अंगठ्याचं नख निळं पडलं होतं. तो अंगठा त्याने हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. चाळीतल्या माणसांसमोर त्याने बायकोचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

गाडी चालवायला तिला हितेंद्रनेच शिकवलं होतं. मधल्या दिवसांत दर्शनाने एकटीने रे रोडला जाऊन चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. आल्यावर म्हणाली, "कडक झालीय हो गाडी. खड्डा लागला की दातावर दात आपटतात."

"आखूड स्प्रिंग कडकच असते," हितेंद्र म्हणाला. "नाहीतर टेकेल खाली."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी निघायचं ठरलं. सकाळी आठ. खुर्ची दाराशी लावली, ब्रेक लावले, मध्ये सरकायची गुळगुळीत पाटी टाकली. हितेंद्रने एक हात सीटवर ठेवला, एक खुर्चीवर, आणि स्वतःला उचललं. मानेच्या शिरा ताठल्या. एक घसरा, थांबला. दुसरा. तिसऱ्याला तो सीटवर होता. कोणी हात लावला नव्हता. जाईबाईने पदर डोळ्यांना लावला. दर्शनाने त्याचे पाय एकेक करून आत ठेवले, जसं कोणी कपाटात धुतलेले कपडे ठेवतं.

मग ती खुर्चीवरची गादी घेऊन आली. "थोडं उचला, ही खाली सरकवते."

"ती घातली तर मी तीन इंच वर. परत खुर्चीत उतरायचं कसं? आणि डोकं छताला लागेल," तो म्हणाला. "सीटला फोम आहे की. तास-दीड तासाचा तर प्रश्न."

ती गादी हातात धरून उभी राहिली. कपाटाच्या दारावरची यादी मीही रोज पाहत होतो. तिने गादी मागे माझ्याशेजारी ठेवली आणि गाडी सुरू केली.

त्या दिवशीचा हितेंद्र मला आठवतो तो अपघाताआधीचा. भायखळ्याच्या पुलावर त्याने काच खाली केली. हाजीअलीला वळून नव्या रस्त्याला लागलो आणि डाव्या बाजूची मुंबई मागे सरकायला लागली तेव्हा तो बोलायचाच थांबला. बोगदा आला, पिवळे दिवे एकामागून एक त्याच्या तोंडावरून जात होते. गिरगावच्या चौपाटीजवळ वर आलो. मी त्या बाजूला रोज कामाला जातो, मला काय त्याचं. तो मात्र म्हणाला, "परत."

परत वरळीला गेलो. तिथून पुन्हा चौपाटीला. पुन्हा वरळी. सुरुवातीला दर्शना दर वीस मिनिटांनी म्हणायची, "अहो, उचला," आणि तो हातांवर जोर देऊन उचलायचा. दुसऱ्या फेरीत तिने एकदा म्हटलं. नंतर तो तिला कुठला उड्डाणपूल कधी बांधला ते सांगत होता, ती हसत होती, आणि मी मागे बसून घड्याळ पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं झाली होती. मला आठवलं होतं. त्याला मध्येच तोडावं असं वाटलं नाही. मी बोललो नाही.

वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशी थांबलो. दर्शनाने जाईबाईसाठी सुके बांगडे घेतले. हितेंद्रला उतरायचं नव्हतं, त्याने काचेतूनच मासळीवालीशी भावावरून हुज्जत घातली. येताना करी रोडपासून लालबागपर्यंत रस्ता काँक्रीटसाठी खणलेला. गाडी खडीवरून, लोखंडी पत्र्यांवरून, पेव्हर ब्लॉकवरून चालली आणि प्रत्येक धक्का सरळ सीटमध्ये येत होता. माझी कंबर भरून आली. हितेंद्र कुरकुरला नाही. त्याला लागतच नव्हतं. घरी पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता.

संध्याकाळी भिंतीपलीकडून दर्शनाची हाक आली, "रमाकांतभाऊ, जरा या." हितेंद्र पालथा होता. त्याच्या बैठकीवर डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा डाग होता, लाल, मध्ये जांभळट. तिने बोटाने दाबला. रंग गेला नाही.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"लाल झालंय थोडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोड आला. चौथ्या दिवशी कातडी काळी पडली. दहाव्या दिवशी ती गळून पडली आणि आत खड्डा दिसला. वरून नाण्याएवढा आणि आत मूठ जाईल एवढा. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढत विचारलं, "किती वेळ बसले होते? कशावर?" दर्शनाने खरं ते सांगितलं. स्प्रिंगांचंही सांगितलं. त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त लिहिणं थांबवलं आणि काही वेळ तिच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जखम हाडापर्यंत गेली होती. मेमध्ये ऑपरेशन करून शेजारचं मांस त्यावर फिरवलं. तीन आठवड्यांत टाके उसवले. हाडात पू झाला. सहा महिने पालथं झोपायचं, बसायचं अजिबात नाही, असं सांगितलं. एकदा हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघे चहा पीत होतो तेव्हा मी तिला माझं घड्याळाचं सांगून टाकलं. मनातून ते जात नव्हतं.

ती कपाकडे बघत म्हणाली, "मला पण आठवत होतं हो. दर वेळी आठवत होतं." मग म्हणाली, "ते हसत होते ना."

दिवाळीला त्याला घरी आणलं. तेव्हापासून तो पालथाच आहे, तोंड भिंतीकडे, माझ्या भिंतीकडे. हातांची ताकद गेली. दीड इंच काय, उशी सरकवायलाही दर्शना लागते. त्याने तिला कधी दोष दिला नाही, तिनेही स्वतःला मोठ्याने कधी दिला नाही. पण ते एकमेकांशी औषधाच्या वेळांपलीकडे फारसं बोलत नाहीत. पूर्वी पलीकडून त्याच्या गोष्टी ऐकू यायच्या. आता ड्रेसिंगची कात्री आणि जाईबाईचं देवाचं पुटपुटणं.

जानेवारीत गाडी विकली. कल्याणहून एक मुलगा आला, चोवीस-पंचवीसचा, काळा चष्मा. गाडीभोवती दोनदा फिरला, गुडघ्यावर बसून चाकाच्या वरची फट बघितली आणि एकदम खूश झाला.

"काय बसलीय गाडी! एकदम लेव्हल. कोणत्या गॅरेजला केलं काम, ताई?"

"घरी केलं," दर्शना म्हणाली.

"घरी? कोणी?"

तिने चावी पुढे केली. तो म्हणाला, मी अजून एक इंच उतरवणार. गाडी गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर खरवडली, मग वळली. खोलीत हितेंद्रने तो आवाज ऐकला असणार. आम्ही आत गेलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते.

"गेली?" त्याने भिंतीला विचारलं.

"गेली," ती म्हणाली आणि त्याची कूस बघायला वाकली.

भिंतीजवळच्या त्या मोकळ्या जागेत आता दुसऱ्या कोणाच्या दोन मोटरसायकली लागतात. गेल्या महिन्यात त्याच्या उजव्या गुडघ्यावर नवीन डाग दिसला, सतत पालथं राहून गादीला टेकतो तिथे. दर्शनाने दाबून पाहिला. रंग गेला नाही. मी दारात उभा होतो. डॉक्टरांना कधी दाखवायचं, असं मी विचारलं.

"गुरुवारी गाडी मिळते का बघा, रमाकांतभाऊ," ती म्हणाली. "आणि चार माणसं."